पाचव्या मजल्याचं आदर्श ताट

निरोगी कर्मचारी हा कुठल्याही मोठ्या शहराचा पाया असतो. पाया जमिनीखाली असल्यामुळे कुणाला दिसत नाही, म्हणून त्याचा फोटो लागतो. एवढं एक तत्त्व नीट समजून घेतलं, की पाचव्या मजल्यावरच्या कचेरीत जे झालं ते अगदी रीतसर झालं, हे कुणालाही पटावं.

त्या कचेरीत एक्केचाळीस माणसं होती आणि त्यांतल्या एक जावकताई. बाहेर जाणाऱ्या पत्रांवर क्रमांक घालून ती पाकिटात बंद करायची, हे त्यांचं एकवीस वर्षांचं काम, त्यावरून हे नाव. (आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकावर होतं. त्या नावाने कुणी हाक मारत नसे.)

जावकताईंच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "तीन महिने देते. रोज साडेबाराच्या ठोक्याला जेवायचं. ताटभर भाज्या, कडधान्य, एक अंडं. निवांत बसून, सगळं संपवायचं. ऐकलं नाहीत तर सुई सुरू करू."

सुई म्हटल्यावर जावकताईंना आई आठवली. त्यांच्या आईने शेवटची अकरा वर्षं रोज पोटाला सुई टोचून घेतली होती, आणि ती टोचायचं काम या लेकीकडे होतं. आई कधी हूं की चूं करत नसे, फक्त खिडकीबाहेर बघायची. त्या बघण्याची जावकताईंना अजून भीती वाटायची. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, आता काय वाट्टेल ते होवो, साडेबारा म्हणजे साडेबारा.

मोठ्या शहरात सकस अन्न मिळत नाही, असं म्हणणारे लोक आळशी असतात. कचेरीच्या रस्त्यावर तळणीच्या नऊ गाड्या होत्या, गोड पेयांची चार दुकानं होती आणि एक खास आरोग्यदायी उपाहारगृहसुद्धा होतं. तिथे पालेभाजीची सहा पानं एका मोठ्या काचेच्या भांड्यात घालून देत. (भांडं परत द्यावं लागे.) ताजी भाजी मिळायची ती दोन बस बदलून, घाऊक बाजारात, सकाळी सहाला. जावकताई पाच वाजता उठायच्या. भाजी आणायची, निवडायची, वाफवायची, मूग शिजवायचे, अंडं उकडायचं. नवराही मदतीला उभा राहायचा. तो काकडी चिरायचा आणि चिरता चिरता खायचा.

"अगं, चव बघतोय," तो म्हणायचा.

"काकडीची कसली चव बघायची असते हो?"

"कडू निघाली तर? तुझ्याच तब्येतीसाठी बघतोय."

पहिले आठ दिवस झकास गेले. साडेबाराला डबा उघडायचा, एकला झाकायचा. आणि नवव्या दिवशी वरून परिपत्रक आलं.

'सकस आहार प्रोत्साहन योजना' असं त्याचं नाव. प्रत्येक कर्मचाऱ्याने दुपारच्या जेवणाचा फोटो रोज आरोग्य कक्षाला पाठवावा. कक्ष दहापैकी गुण देईल. ज्या मजल्याची सरासरी आठच्या वर, त्या मजल्याला दर शनिवारी सुट्टी. डब्याचा फोटो चालणार नाही, कारण तळाशी काय दडवलंय ते दिसत नाही. अन्न पांढऱ्या ताटात वाढलेलं असावं आणि फोटो वरून काढावा. अन्न खाल्लंच पाहिजे असं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. मसुदा करणाऱ्यांना ते सांगायची गरज वाटली नसावी. माणसं भोळी असतात.

पाचव्या मजल्याच्या पँट्रीत पांढरं ताट एक होतं. सकस जेवणही एकच होतं. आता एक ताट आणि एक जेवण समोरासमोर आल्यावर पुढचं ओळखायला पंचांग काढावं लागत नाही.

सर्वांत आधी साहेब आले. स्वतः उठून आले, बोलावणं पाठवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. "ताई, जरा ताट इकडे करता? आमच्या घरी आज गडबड झाली." साहेबांच्या घरी पुढचे तीन महिने रोज गडबड झाली.

साहेबांमागे हेडक्लार्क, त्यांच्यामागे रोज टाय लावून येणारा टायवाला, त्याच्यामागे झेरॉक्सवाले काका. आठवडाभरात चाळीस जणांची रांग लागायला लागली. एका फोटोला सरासरी एक मिनिट चाळीस सेकंद, कारण प्रत्येकाला आपलं ताट जरा वेगळं दिसायला हवं असायचं. कुणी ताट फिरवायचं, कुणी लिंबाची फोड इकडची तिकडे करायचं, टायवाला शेजारी स्वतःचा चमचा ठेवायचा. (रांग संपेपर्यंत लिंबाच्या फोडीचा ताटात सुमारे सव्वा किलोमीटर प्रवास होई, असा एक अंदाज आहे. अंदाज झेरॉक्सवाल्या काकांचा.) साडेबाराला सुरू झालेली रांग एक वाजून सदतीस मिनिटांनी संपायची. जेवणाची सुट्टी दीडला संपायची.

एकोणिसाव्या दिवशी जावकताईंनी धीर केला. "अहो, मला वेळेवर जेवायला सांगितलंय डॉक्टरांनी."

"मग जेवा की, कोण नको म्हणतंय?" टायवाला मनापासून म्हणाला. "जेवण तुमचंच आहे. आम्ही खातोय का? नुसता फोटो तर काढतोय."

हे सर्वस्वी खरं नव्हतं. फोटो काढून झाल्यावर माणूस एखादा गाजराचा तुकडा उचलायचा, तोही नुसता, जाता जाता. अंडं साधारण चौदाव्या माणसापाशी नाहीसं होई.

"ताई, चाळीस घरांचे शनिवार आहेत तुमच्या हातात," हेडक्लार्क हळूच म्हणाले. त्यांची नात शनिवारी त्यांच्याकडे यायची, आणि हे सांगताना त्यांचा आवाज खरंच ओला झाला. जावकताईंनी ताट पुढे सरकवलं. नाही म्हणायला जीभ लागते, आणि एकवीस वर्षं त्यांची जीभ पाकिटांच्या डिंकाला लागत होती.

स्वतःचा फोटो त्या सगळ्यांत शेवटी काढायच्या. तोवर ताटात पालेभाजीची कड, वीस-पंचवीस मूग आणि बरंच हिंडलेलं लिंबू एवढं उरलेलं असे. आरोग्य कक्ष त्यांना दहापैकी चार देई. शेरा: 'आहार अपुरा. इतरांकडून शिकावं.' बाकी चाळीस जणांना दहापैकी दहा. मजल्याची सरासरी नऊ पूर्णांक पंच्याऐंशी. उरलेले पंधरा शतांश कुणामुळे गेले, हे साहेबांनी बैठकीत नाव न घेता सांगितलं आणि सगळ्यांनी नाव न घेता जावकताईंकडे पाहिलं. चाळीसही ताटं रोज सारखीच कशी, हा प्रश्न कक्षाला पडला नाही असं नाही. त्यांनी अहवालात नोंद केली: 'पाचव्या मजल्यावर आहाराबाबत अनुकरणीय एकजूट आढळते.'

तीन महिने भरायला आले. डॉक्टरीणबाईंनी नवा रिपोर्ट पाहून चष्मा काढला. "वाढलीय. काय खाता काय तुम्ही?"

जावकताईंना रडू आलं. "बाई, मी पाचला उठते हो," एवढंच त्या म्हणाल्या.

"एक महिना. त्यानंतर मी ऐकणार नाही."

त्याच आठवड्यात त्यांना पत्र आलं. (त्यावर जावक क्रमांक त्यांनीच घातला होता.) सलग कमी गुणांमुळे त्यांना आहार सुधारणा वर्गाला बसावं लागणार होतं. वेळ रोज साडेबारा ते दीड, स्थळ तळमजला. वर्गात एकूण विद्यार्थी एक.

शिकवायला आरोग्य कक्षाच्या बाई होत्या, उत्साही आणि तयारीच्या. त्यांनी दिवे घालवले आणि भिंतीवर एका ताटाचं भलंमोठं चित्र आणलं. "हे आपल्या संस्थेतलं आदर्श ताट. तुमच्याच साहेबांचं. बघा, पालेभाजी, मूग, गाजर, अंडं. असं ताट तुम्ही कधी पाहिलंय?"

"रोज पाहते," जावकताई म्हणाल्या. "खाल्लं नाही कधी."

बाईंना वाटलं, विनोद आहे. त्या हसल्या. जावकताईंनी पिशवीतून डबा काढला, बाकावर ठेवला आणि झाकण उघडलं. बारा पस्तीस झाले होते.

"वर्गात खायचं नसतं, ताई."

"मग शिकवलेलं करून कुठे बघू?" जावकताईंनी विचारलं, आणि अंड्याचा घास घेतला. नियमावलीत याचं उत्तर नव्हतं. बाईंनी चित्र बदललं आणि शिकवणं पुढे चालू ठेवलं.

पाऊण वाजता दारात टायवाला आला. त्याच्या मागे जिन्यावर वरपर्यंत रांग होती. "ताई, अहो, ताट?"

"पँट्रीत आहे. धुवून पुसून ठेवलंय," जावकताई चावत चावत म्हणाल्या.

चाळीस माणसं वर परत गेली. शनिवार दोन दिवसांवर आला होता. शेवटी साहेबांनीच पुढाकार घेऊन त्या रिकाम्या, लखलखीत ताटाचा वरून फोटो काढला आणि पाठवला. आरोग्य कक्षाने दहापैकी दहा दिले. शेरा: 'कण न् कण संपवला. अभिनंदन.'

तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. पाचव्या मजल्याला शनिवारी सुट्टी असते. फोटोला आता प्रत्येकी अकरा सेकंद लागतात, आणि मंडळी उरलेला वेळ तळणीच्या गाड्यांवर घालवतात. जावकताई फोटो पाठवतच नाहीत. त्यांना रोज शून्य मिळतं, म्हणून वर्ग कायम आहे आणि साडेबाराची जागाही. संस्थेच्या दप्तरी त्या सर्वांत कुपोषित कर्मचारी आहेत. महिन्याभराने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उतरलीय. सुई राहू दे तूर्त." त्या दिवशी जावकताईंनी घरी येऊन नवऱ्याला एक अख्खी काकडी दिली, न चिरता.

आपण सुज्ञ वाचक हे वाचताना बहुधा जेवतच होता. डाव्या हातात ही कथा, उजव्या हातात घास. आता जरा ताटाकडे बघा. अर्धं संपलंय ना? काय होतं, आठवतंय? नसेल आठवत तर मनाला लावून घेऊ नका. आधी काढला असेलच, तो फोटो पाठवून द्या. दहापैकी दहा देऊ.