इंगोले ओव्हरसियरांची जास्तीची गाडी

इंगोले ओव्हरसियर कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले, की चहा येण्याआधी ते घर मोजून घेत. कोटाच्या खिशातून चामड्याची गोल डबी निघे, डबीतून कापडी टेप निघे, आणि समोर जो कोणी असेल त्याच्या हातात टेपेची पितळी कडी देऊन ते म्हणत, "धरा." एवढंच. विनंती नाही, कारण नाही. समोरचा माणूस मुकाट्यानं कडी धरून भिंतीशी जाऊन उभा राही.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी कोर्टातून यायचा होतो. आमच्या हिनं कणकेच्या हातांनी कडी धरली. टेपेच्या सुरुवातीला कणकेचा डाग पडला, त्याचं मला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत होतं. इंगोल्यांना त्याचं काही नव्हतं. मी आल्याबरोबर ते म्हणाले, "पेशकारसाब, तुमचं माजघर एका बाजूनं चार बोटं कमी हाये. गवंड्यानं फसवलं तुमाला."

घर भाड्याचं होतं. तरीही त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आमचं हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. इंगोल्यांनी सारी नोकरी बांधकाम खात्यात, रस्ते आणि त्यांखालच्या मोऱ्या करण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारी प्लॉट घेऊन घर बांधलं. बांधकाम चालू असताना त्यांच्या पत्नी सुभद्राबाई डोक्यावर पदर घेऊन उन्हात टेपेची कडी धरून उभ्या असायच्या. इंगोले पलीकडून ओरडत, "ताणून धर, झोळ पडून राहिला!" आणि बाई तितक्याच मोठ्यानं म्हणत, "झोळ कशाचा? तुमीच इकडं सरकून राहिलात!" मग इंगोले एक पाऊल मागे सरकत. घर पुरं झालं. त्यात बाईंना जेमतेम एक पावसाळा राहायला मिळालं.

बाई गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी गाडी आली.

एकुलता मुलगा अरविंद मुंबईला इंजिनियर होता. त्याला कंपनीची मोटार मिळाली, म्हणून आपली जुनी काळी गाडी त्यानं बापाच्या दारात आणून लावली. "बाबा, आता त्या खटाऱ्यातून फिरू नका," म्हणाला, दोन दिवस राहिला आणि रेल्वेनं परत गेला. खटारा म्हणजे इंगोल्यांनी लिलावात घेतलेली मिलिटरीची जीप. तिच्यावर त्यांचा जीव. गाडीभोवती ते एकदा फिरले, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, "पोट लई खाली हाये हिचं. आपल्या रस्त्याला चालणार न्हाई." मग तिच्यासाठी पत्र्याची शेड बांधली आणि तिला आत उभं केलं.

पेट्रोल महागलं होतं ते दिवस. एक वाहन पोसणं कठीण, तिथे दोन. मला तर कुठलीही वस्तू नुसती पडून राहिलेली बघवत नाही. आपण वापरत नसलेली छत्रीसुद्धा कुणाच्या तरी डोक्यावर असायला हवी होती असं मला वाटत राहतं. मी म्हणालो, "साहेब, या गाडीचं काहीतरी करायला पाहिजे."

"करू ना. घाई काहून? ऐतवारी या. खाजाभाईलाही बलावतो."

खाजाभाई म्हणजे आमच्या गल्लीतले टेलर. त्यांच्याही गळ्यात टेप असे, म्हणून इंगोले त्यांना आपल्या खात्यातला माणूस समजत. अशी आमची तिघांची कमिटी बसली. विषय एकच: जास्तीच्या गाडीचं काय करायचं. नियमही ठरला. इंगोल्यांनी बोट वर करून सांगितला, "आधी पाहणी, मग मोजणी, मग मंजुरी."

पहिला प्रस्ताव कुरुंद्याच्या एका शेतकऱ्याचा. त्याला हळद वसमतच्या बाजारात न्यायला गाडी हवी होती. ऐतवारी आम्ही जीपमध्ये बसून कुरुंद्याला गेलो. इंगोल्यांनी पोतं मोजलं. कडी मी धरली. परत येऊन डिकी मोजली. कडी खाजाभाईंनी धरली. पोती बसत होती. इंगोले बराच वेळ विचार करून म्हणाले, "गाडी पिवळी होईल. पोरगं आलं तर वळखणार न्हाई." नामंजूर.

दुसरा प्रस्ताव साखऱ्याच्या हेडमास्तरांचा. पोरांना यंत्र शिकवायला गाडी शाळेच्या आवारात ठेवू म्हणाले. पुन्हा जीप, पुन्हा टेप. शाळेचं फाटक वीतभर अरुंद निघालं. हेडमास्तर बिचारे फाटक काढायला तयार झाले. "शाळेचं फाटक काढता? अन् गुरं घुसली म्हंजे?" इंगोल्यांनी त्यांनाच झापलं.

तिसरा प्रस्ताव बुद्धविहाराच्या लोकांचा. वस्तीतल्या लग्नांत नवरा-नवरीला मिरवायला गाडी द्या, असं त्यांनी पौर्णिमेला वंदनेनंतर सुचवलं. इंगोले हरखले. मोजणीसाठी खाजाभाईंना फेटा बांधून मागच्या सीटवर बसवलं आणि शेजारी नवरी म्हणून मला. फेटा टपाला घासत होता.

"मान खाली घाला, खाजाभाई."

"दूल्हा मान कायकू खाली घालेगा साब? दुल्हन घालती."

इंगोले माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली. पण फेटा काही माझ्या डोक्यावर नव्हता, त्यामुळे तोही प्रस्ताव राहिला.

असं वर्षभर चाललं. कमिटीच्या दौऱ्यांनी जीपचे टायर गुळगुळीत झाले. खाजाभाई म्हणाले, "पेशकारसाब, खडी गाडी के पीछू चलती गाडी घिस री." मला कुतूहल वाटे. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पूल कुठे बांधायचा हे एका फेरीत ठरवलं, त्याला एका मोटारीचा निकाल का लावता येत नाही? आणि दर ऐतवारी आमच्यासाठी हा एकटा माणूस सकाळपासून स्टोव्हवर पोहे का करतो, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. पोहे चांगले असत.

शेवटी मीच शेषरावला गाठलं. हा आपल्या सेनगावाकडच्या गोरेगावचा. दुसऱ्याच्या जीपवर सेनगाव-हिंगोली फेऱ्या मारणारा ड्रायव्हर. जीपमध्ये बाजारची गर्दी कोंबलेली असे. त्यातच बाळंतपणाला अडलेल्या बायांना दवाखान्यात आणायचं त्याच्या जिवावर येई. त्याला स्वतःची, चारी बाजूंनी बंद अशी गाडी हवी होती, फक्त पेशंट आणायला. वाया जाणारी वस्तू आणि खरी गरज अशी समोरासमोर आलेली पाहून मला इतका आनंद झाला, की मी त्याच दिवशी त्याला घेऊन आलो.

इंगोले ऐकून घेऊन म्हणाले, "पोट खाली हाये तिचं. गोरेगावच्या रस्त्याला घासंल."

"न्हाई घासायची साहेब," शेषराव म्हणाला. "तो रस्ता लई चांगला हाये. कोणी केला तो माणूस भेटला तर पाय धरीन. इतकी वर्सं झाली, एक मोरी खचली न्हाई."

तो रस्ता इंगोल्यांनीच केला होता. आता त्याला खराब कसं म्हणायचं?

तरी पाहणी झाली, मोजणी झाली. मागच्या सीटवर माणूस आडवा झोपू शकत होता. कुठेच काही कमी पडेना. मुंबईहून अरविंदचाही होकार आला. "मंजूर," इंगोले म्हणाले, अगदी हळू. शेषरावनं ऐतवारी येऊन गाडी न्यायची ठरलं.

शनिवारी संध्याकाळी शेषराव कधी येणार ते सांगायला मी गेलो. घरात कोणी नव्हतं. शेडमधून आवाज आला म्हणून डोकावलो. इंगोल्यांनी शेडच्या खांबाला एक खिळा ठोकला होता. त्यात टेपेची कडी अडकवून ते डबी घेऊन दुसऱ्या टोकाला जात. टेप ताणली, की कडी निसटे. ते परत येत, कडी अडकवत, पुन्हा जात. पुन्हा निसटे. एकदा ते तिथूनच खिळ्याकडे बघून काहीतरी पुटपुटले.

मी तसाच परत फिरलो. त्या रात्री बायकोला म्हणालो, "मी फार घाई केली." ती म्हणाली, "मग त्या पोराला नाही म्हणा." ते कसं म्हणणार? गोरेगावात एका बाईचे दिवस भरत आले होते आणि शेषराव तिच्या नवऱ्याला शब्द देऊन बसला होता.

ऐतवारी गाडी धुऊन चकचकीत उभी होती. इंगोल्यांनी टाकी भरून ठेवली होती. शेषराव त्यांच्या पाया पडला, "जयभीम साहेब" म्हणाला आणि गाडी बाहेर काढली. फाटकातून जाताना इंगोले ओरडले, "सांभाळून! पोट खाली हाये!" ती वळणाआड जाईपर्यंत ते बघत राहिले.

शेडमध्ये तेलाचा काळा डाग तेवढा उरला. पोहे खाऊन झाले. खाजाभाईंनी टोपी उचलली. "चलो साब. छुट्टी हुई कमिटी को." इंगोले बशा गोळा करू लागले. पुढच्या ऐतवारी या, असं ते म्हणाले नाहीत. काहून, असं आम्ही विचारलं असतं तर त्यांनी काय सांगायचं होतं?

तोंडाला आलं ते बोललो, "साहेब, ही एवढी मोठी शेड आता नुसती रिकामी पडली. हिचं काहीतरी करायला पाहिजे."

त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेडकडे.

"घाई काहून?" ते म्हणाले. पण बशा खाली ठेवल्या होत्या आणि हात कोटाच्या खिशात गेला होता. "आधी पाहणी."

खाजाभाईंनी टोपी पुन्हा खुर्चीवर ठेवली.

इंगोल्यांनी "धरा" म्हणायच्या आत मी कडी घेतली आणि जाऊन खांबापाशी उभा राहिलो. खिळा माझ्या खांद्याला टोचत होता. इंगोले मागे मागे जात दुसऱ्या टोकाच्या जवळ पोचले आणि तिथून ओरडले, "ताणून धरा, पेशकारसाब! झोळ पडून राहिला!"

"झोळ कशाचा, साहेब?" मी म्हणालो. "तुमीच इकडं सरकून राहिलात."

इंगोले एक पाऊल मागे सरकले.