दत्तूनानांचा कोनमापक

दत्तूनाना मिस्त्री समोरच्या माणसाच्या तोंडाकडं नंतर बघतात, आधी तो किती कललाय ते बघतात. बाकीचे लोक वरच्या खिशात पेन ठेवतात, तंबाखूची डबी ठेवतात. नानांच्या खिशात शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक असतो. पिवळा पडलेला, मधल्या भोकातून दोरा ओवलेला, आणि दोऱ्याच्या टोकाला लोंबणारा एक बारका नट. या हत्यारानं त्यांनी माझ्या दुकानातला देवीचा फोटो मोजलाय, वजनकाटा मोजलाय, आणि एकदा मी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत असताना मागून येऊन माझी मानसुद्धा मोजली. "शेठ, सात अंश डावीकडं. रागानं हुतंय त्ये," म्हणाले. गिऱ्हाईक हसत सुटलं आणि बियाणं न घेताच निघून गेलं.

येरमाळ्यात हायवेला माझं बियाण्याचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून नानांचं गॅरेज, गॅरेजच्या मागंच त्यांचं घर. बारा वर्षं झाली. माझा स्वभाव तापट, सगळं काल व्हायला पाहिजे होतं असा. नानांचा असा, की गाडी दाखवायला आणलेला माणूस आधी चहा पिणार, मग नाना गाडीभोवती तीन फेऱ्या मारणार, मग कोनमापक काढणार, आणि तोवर त्या माणसाची दुपारची यष्टी निघून गेलेली असणार. कुणी लवकर करा म्हटलं की त्यांचं ठरलेलं वाक्य: "घाईनं क्रॉसचा मुडदा पडतो."

हा क्रॉस काय असतो ते मला सांगावंच लागेल, कारण पुढं सगळं त्याच्यावर आहे. जीपच्या पोटात मधोमध गिअरबॉक्स असतो आणि मागं चाकांचा आडवा दांडा, त्याला हाऊसिंग म्हणायचं. दोघांच्या मधे एक लांब शाफ्ट फिरतो आणि गिअरबॉक्सची ताकद चाकाला पोचवतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकणारे सांधे असतात. ते म्हणजे क्रॉस. आता खडकातून जायचं म्हणून जीप उंच केली, की गिअरबॉक्स वर जातो, हाऊसिंग खालीच राहतं, शाफ्ट जास्त तिरपा होतो आणि क्रॉसवर ताण येतो. आधी गाडी थरथरते, मग क्रॉस तुटतो, मग शाफ्ट रस्त्यावर आणि माणूस त्याच्या शेजारी डोक्याला हात लावून. एवढं ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. त्यातलं बरंचसं मी शिव्या खाऊन मिळवलंय.

गोष्ट सुरू होते सुमनकाकूंपासून. सुमनकाकू म्हणजे नानांची बायको. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, सोलापूरला. घरातल्या घरात चालता येतं, पण डॉक्टरांनी सांगितलं, हादरे नकोत, थरथर तर अजिबात नको. काकूंचं माहेर इथून जवळच, बालाघाटाच्या डोंगरात माळावरच्या वस्तीवर. पण वाटेत एक खडकाळ ओढा आहे. साधी गाडी तिथं पोट घासून बसते, ट्रॅक्टर गेला तर माणसाची हाडं वेगवेगळी करून नेतो. वस्तीवर काकूंचे वडील, आबा. नव्वदीच्या पुढचे, अंथरुणाला खिळल्यासारखेच. ते खाली यायचे नाहीत. फोन लावावा तर कानानं ठार बहिरे. "कोण हाय?" म्हणायचे आणि फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचे. दोन वर्षं बापलेकीची गाठ नव्हती, आणि या उन्हाळ्यात वस्तीवरून निरोप आला की आबांचं खाणं सुटत चाललंय. पाऊस लागला की ओढा चार महिने बंद. चार महिने आबा काढतील असं कुणालाच वाटत नव्हतं.

काकूंच्या भावानं तोड काढली. चौघं जण बाजेवर घालून खांद्यावरून नेऊ म्हणाला. काकूंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "खांद्यावर एकदाच जायचं असतंय. अन् त्ये बी परत यायला न्हाय," म्हणाल्या.

माझ्याकडं जुनी जीप होती, मळ्यात खत न्यायची. म्हटलं ही उंच करू आणि हिच्यातून काकूंना नेऊ. नाना म्हणाले, करू, पण मोजून करू, दोन-तीन आठवडे दे. दोन-तीन आठवडे! माझं डोकंच फिरलं. आबा तिकडं घास घेईनात आणि हे इकडं दोरा लोंबकळवत बसणार. मी नानांना न सांगता जीप लांबच्या एका गॅरेजात नेली आणि एका दिवसात पाच इंच उंच करून आणली. काय रुबाब दिसत होता. येताना मात्र गाडीनं चाळिशीचा वेग धरला आणि आरशात मागचा रस्ता दोन-दोन दिसायला लागला. माझे दात वाजत होते.

नानांनी ती थरथर लांबूनच ऐकली. रस्त्याच्या मधे येऊन हात आडवा केला. मला उतरवलं, जीपखाली शिरले, गिअरबॉक्सला कोनमापक लावला, हाऊसिंगला लावला, आणि बाहेर येऊन फडक्याला हात पुसत राहिले. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी त्याहून वाईट केलं, समजावून सांगितलं.

"शेठ, गिरबॉक्स अन् हाऊसिंग म्हंजी नवरा-बायको. दोगांनी एकाच अंशात कललं पायजे. तुज्या जीपमंदी नवरा तीन अंशावर हाय अन् बायकू अकरावर. मधला शाफ्ट थरथरंल न्हायतर काय करंल?"

मग त्यांनी जॅक लावून जीपची चौकट वर उचलली, चाकं मोकळी लोंबू दिली आणि मला खाली बोलावून दाखवलं. शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत सरकतात, ते लोंबल्यावर जवळजवळ निसटलेच होते. जेमतेम अर्धा इंच अडकलेले. ओढ्यात एक चाक खड्ड्यात गेलं असतं तर शाफ्ट तिथंच निखळला असता, आणि मागं काकू झोपलेल्या. मी दुकानात जाऊन पाणी पिऊन आलो आणि नानांना म्हटलं, काय करायचं ते करा, आता मी तोंड उघडणार नाही. ते म्हणाले, बघू किती टिकतंय.

त्यांनी आधी पाच इंचांचे तीन केले. ओढ्याला तीन पुरतात, उरलेले दोन तुझ्या रुबाबाचे होते, म्हणाले. शाफ्ट लेथवर नेऊन लांब करून आणला. ब्रेकची नळी ताणली जात होती ती बदलली. हाऊसिंगचा कल गिअरबॉक्सशी जुळवायला एक लोखंडी पाचर घातली. शाफ्टचे दोन तुकडे परत जोडताना होते तसेच समोरासमोर बसले पाहिजेत, म्हणून दोन्हींवर खूण करायची असते. लोक खडूनं करतात. नाना कुंकवानं करतात. तेलात कालवून बोटानं एक टिळा इकडं, एक तिकडं. काकू आतून ओरडल्या, माझा करंडा गिरीसचा केला ह्या माणसानं. नाना कोनमापकात बघत राहिले.

कोनमापकाचं सांगायचं राहिलं. तो मुळात नानांचा नाहीच. नाना चौथीतून शाळा सोडलेले. कंपासपेटी काकूंची, आबांनी त्यांना नववीत घेऊन दिलेली. कोनमापकावर कर्कटकानं कोरलेलं 'सुमन' अजून दिसतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी काकूंनी नवऱ्याला अंश वाचायला शिकवले आणि तेव्हापासून येरमाळ्यातलं कुठलंच दार, खुर्ची, पाटी सुखानं राहिलेली नाही.

तर सगळं झालं आणि चाचणीचा दिवस उजाडला. नानांनी जीपच्या मागच्या भागात काकूंची गादी अंथरली आणि स्वतः तिच्यावर उताणे झोपले. छातीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला. मला म्हणाले, चालव. हायवेवर लोक वाकून वाकून बघत होते, कुणाला दवाखान्यात नेतोय की काय म्हणून. ओढ्यापर्यंत जाऊन आलो तेव्हा पेला रिकामा आणि नाना ओलेचिंब. थरथर तशीच होती. उलट जरा वाढलीच होती.

बारा वर्षांत नानांचा हिशेब चुकलेला मी ऐकला नव्हता. ते गॅरेजच्या पायरीवर बसले. चहा आणला तर घेतला नाही. समोरून एक ट्रक अगदी एका बाजूला कलून गेला, त्याच्याकडंसुद्धा त्यांनी बघितलं नाही. तेव्हा मी घाबरलो. मी गप्प बसायचा शब्द दिला होता, तरी म्हणालोच, नाना, जाऊ द्या, दुसरं काहीतरी बघू. ते म्हणाले, "दुसरं काय बी न्हाय. हिला म्या सांगितलंय, नेतो म्हणून."

तेवढ्यात काकू भिंतीला धरत धरत बाहेर आल्या. त्यांनी कोनमापक मागितला आणि नवऱ्याला विचारलं, खाली झोपून कसा वाचला ते करून दाखवा. नाना निमूटपणे जमिनीवर उताणे झाले, कोनमापक हाऊसिंगला लावला होता तसा वर धरला आणि तेव्हा वाचलेला आकडा सांगितला, त्र्याऐंशी. काकू हसायला लागल्या. कंबरेला हात लावून हसत होत्या, दुखत होतं तरी.

कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक आतली, एक बाहेरची. एक डावीकडून चढते, दुसरी उजवीकडून. नववीतली पोरं हमखास तिथं चुकतात. कल नसला तर दोरा नव्वदावर येतो; नानांनी आतली ओळ वाचून त्र्याऐंशी धरले होते, बाहेरच्या ओळीवर ते सत्त्याण्णव होते. हाऊसिंग सात अंश पुढं कललेलं असताना ते मागं कललंय असं धरून चालले होते, आणि ते सरळ करायला घातलेली पाचर उलटी बसवली होती. जाड बाजू पाहिजे तिथं बारीक. एवढ्या वर्षांत कधी नाही झालं, आणि बायकोच्या माहेराला जायच्या गाडीत झालं. कसं झालं ते नानांनाच माहीत. विचारायची माझी छाती झाली नाही.

"आतले वाचले तुमी," काकू म्हणाल्या. "लगीन झाल्यावर बी हेच चुकत हुता."

पाचर फिरवली. दुसऱ्या चाचणीत पेल्यातलं थोडं पाणी सांडलं. गिअरबॉक्स ज्या आडव्या पट्टीवर बसतो ती पट्टी आणि चौकट यांच्या मधे नानांनी दोन वायसर घालून तो जरा खाली घेतला. तिसऱ्या चाचणीत चाळीस गेलो, पन्नास गेलो, ओढा उतरलो, चढलो, परत आलो. नाना गादीवरून उठले ते कोरडे. पेला वर धरून मला दाखवला आणि ते पाणी स्वतः पिऊन टाकलं. मी रस्त्यात उभा राहून शिट्टी मारली, माझ्या वयाला न शोभणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. काकू गादीवर, नाना त्यांच्या शेजारी पत्र्यावर मांडी घालून, तळवा पत्र्याला टेकवलेला, थरथर लागते का ते बघत. ओढ्यात मी जीप अशी उतरवली, की मुंगी मरू नये. वर चढलो तर मागून काकूंचा आवाज आला, आला का वढा? म्हटलं, काकू, मागं गेला. आरशात मला नानांचे सगळे दात दिसले, आणि आरसा जरासुद्धा थरथरत नव्हता.

वस्तीवर आबांना ओसरीवर आणून बसवलं होतं. काकू जीपमधून उतरल्या, स्वतःच्या पायानं चालत गेल्या आणि त्यांच्यासमोर टेकल्या. आबा बघत राहिले. म्हणाले, कोण हाय? काकूंनी नाव सांगितलं, ओरडून सांगितलं, पण ऐकू कुठलं येतंय. मग त्यांनी मागं वळून हात पुढं केला आणि नानांनी खिशातला कोनमापक त्या हातावर ठेवला. आबांनी तो डोळ्यांजवळ नेला. कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"सुमे," आबा म्हणाले, "झाली का परीक्षा? पास झालीस न्हवं?"

काकूंनी नानांच्या बाहीला धरून त्यांना पुढं ओढलं आणि आबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, "म्या न्हाय, आबा. ह्ये पास झाले."

आबांनी नानांच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी आबांनी अर्धी भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली, आणि मी तीन खाल्ल्या.

जेवणं झाल्यावर काकूंच्या भावानं बहिणीसाठी ओसरीवर बाज टाकली. काकू आडव्या झाल्या. नानांनी जीपमधलं पोतं आणलं आणि बाजेच्या शेजारी जमिनीवर अंथरायला लागले. मी म्हटलं, नाना, तुम्हाला पण बाज मागू की, एवढी चाकरी करून भुईवर कशाला? नाना म्हणाले, हितंच बरं वाटतं, गार असतंय. काकू डोळे मिटूनच होत्या. त्या म्हणाल्या, "गारबिर काय न्हाय. माज्या आपरेशनपासनं भुईवरच निजत्यात. ह्ये कुशीवर वळले तर पलंग हालतो म्हणून."

दोन वर्षं. भिंतीला भिंत असून मला ठाऊक नव्हतं. नाना पोत्याची घडी सरळ करत बसले, जशी काही ती एका अंशानं वाकडी होती. मी उगाच जीपकडं बघून नाक शिंकरलं.

काकूंनी भावाला हाक मारली आणि दुसरी बाज आणायला सांगितली. त्यानं आणून जरा लांब ठेवली. काकू म्हणाल्या, अजून सरकव. चिकटायच्या आधी थांब, चार बोटं सोड. मग नाना उठले. कोनमापक आबांच्या मुठीत होता आणि आबा झोपले होते, म्हणून त्यांनी नुसतंच वाकून दोन्ही बाजांच्या दांड्यांकडं एक डोळा मिटून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग दुसऱ्या बाजेवर बसले, हळूच आडवे झाले, आणि हात लांब करून काकूंच्या बाजेच्या दांड्यावर तळवा टेकवला.

"हाललं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," काकू म्हणाल्या. "झोपा आता."