दुपारी नेट पळवणारा इसम

अकोट आगारात माझं नाव काढलं, तर आजही एखादा कंडक्टर बसल्या जागी पैसे आणि तिकिटं जुळवायला लागतो. मी खुशालराव, एस.टी.च्या तपासणी पथकातून निवृत्त. माणसाच्या नुसत्या बसण्यावरून तो विनातिकीट आहे हे मी ओळखायचो. तिवसा फाट्यावर एका गृहस्थाला तर मी इतक्या खात्रीनं ओळखलं, की त्यानं तिकीट दाखवलं तरी मी ऐकलं नाही. हे कसब वाया जाऊ नये म्हणून निवृत्तीनंतर मी खासगी गुप्तहेर झालो. मदतीला नत्थुजी, माजी कंडक्टर. नोकरीत मी त्याला पकडलेलं असल्यामुळे तो माझ्यासमोर फार बोलत नाही. गुप्तहेराला असाच सहायक लागतो.

मे महिन्यात गल्लीतले धर्मपाल माझ्याकडे आले. यंदा त्यांची कपाशी बोंडअळीनं खाल्ली होती आणि घराची सगळी नजर मुलीवर, दीक्षावर होती. पोरगी शेतकी शिकलेली. हैदराबादच्या एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेनं तिची मुलाखत व्हिडिओवर ठेवली होती, गुरुवारी भर दुपारी. त्यासाठीच त्यांनी घरी वायफाय घेतलं होतं.

"सकाळी झ्याक चालते," धर्मपाल म्हणाले. "दुपारी मात्र कधी कधी एकदम गायब. कंपनीचा माणूस सकाळी येते, बरोबर हाये म्हणते आन जाते. गुरुवारी असंच झालं तं पोरीनं काय करावं?"

मी डोळे मिटले. "विनातिकीट प्रवासी," मी म्हणालो. "कोणीतरी तुमच्या नेटात फुकट चढून राह्यला."

दुपारी आम्ही घटनास्थळी पोचलो. धर्मपालांच्या पत्नी सुंदराबाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि आतल्या खोलीतला कूलर ढकलत आणून मधल्या दारात, माझ्याकडे तोंड करून लावला. दार भरून टाकणारा पत्र्याचा कूलर, पाण्यानं काठोकाठ भरलेला. आमच्याकडच्या उन्हात पाहुण्याला कूलरसमोर न बसवणं म्हणजे त्याला हाकलणंच. बैठकीतल्या फळीवर वायफायचं डबडं लुकलुकत होतं. थोड्याच वेळात कूलरमागून, आतल्या खोलीतून दीक्षाचा आवाज आला, "काका, नेट गेलं."

"पाह्यलं?" मी नत्थुजीला म्हणालो. "आपण आलो हे चोराले समजलं."

"काका, मले वाटते सिग्नल कुठंतरी अडून राह्यलं," दीक्षा म्हणाली. "मी बैठकीत येऊन बसू का?"

"नको, तपासात अडथळा येईन. पोरी, तुहा विषय माती. चोर माह्यावर सोड."

मी रोज दुपारी जाऊ लागलो. जुना पासवर्ड म्हणजे धर्मपालांचा फोन नंबर होता आणि तोच दारावरही रंगवलेला होता. मी हातभर लांबीचा नवा घालायला लावला. मग नेटचं नावच लपवलं. ते चोराला दिसेना, आणि धर्मपालांनाही दिसेना. पुन्हा उघडं केलं आणि नाव ठेवलं 'तपासणी पथक'. एवढं करून एक अनोळखी फोन जोडलेला सापडलाच. मी विजयानं मान वर केली, तेव्हा नत्थुजी स्वतःच्या चपलांकडे पाहत होता.

"नत्थुभाऊनं पासवर्ड मांगतला," सुंदराबाई म्हणाल्या. "घरी आलेल्याले नाही कसं म्हणू?"

समोरच्या भगवंतरावांच्या गच्चीवर मला तारेची संशयास्पद जाळी दिसली. मी चढलो. जाळीखाली कुरड्या वाळत होत्या. त्यांच्या बायकोनं तो पुरावा मला तळून दिला.

गुरुवारी मी जेवण करून लवकरच पहाऱ्यावर बसलो. कूलर आला. मुलाखत सुरू झाली. "हॅलो सर, आवाज येतोय का?" असं दीक्षा आतून पुन्हा पुन्हा म्हणाली.

"गेलं," ती म्हणाली. धर्मपाल डबड्याकडे धावले.

सुंदराबाई माझा चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"खुशालभाऊ, माहा भाऊ आला तवा बी नेट गेलं. दीक्षाले पाह्याले लोक आले तवा बी गेलं. तुमी तं रोजच येता."

"म्हणजे?"

"पाहुणा आला का हे धूड दारात येते. अलीकडं डबडं, पलीकडं पोरगी. सरका."

घराच्या भिंती मातीच्या, हातभर जाड. नेटाला आत जायला ते एकच दार, आणि त्यात पत्रा आणि पाणी. सुंदराबाईंनी कूलर बंद करून ओढला. निम्मं पाणी माझ्या पायांवर सांडलं. आतून आवाज आला, "हो सर, आता ऐकू येतंय."

मी बाहेर ओट्यावर, उन्हात जाऊन बसलो. धर्मपाल शेजारी येऊन बसले. खिडकीतून दीक्षा ऐकू येत होती. काळी माती पाणी किती धरते, ती कशानं थकते, तिला काय द्यावं, हे ती न अडखळता सांगत होती.

"हे तिनं मले कधी सांगतलं नाही," धर्मपाल हळूच म्हणाले.

"तुमी इचारलं कधी?" मी म्हणालो. विचारलं मीही नव्हतं.

बऱ्याच वेळानं दीक्षा दारात आली. "बाबा, घेतलं त्यायनं मले." आणि ती ओट्यावरच बसली, त्यांच्याजवळ.

परतताना नत्थुजीनं विचारलं, "साहेब, मंग गुन्हेगार कोण?"

एका इसमाला जागेवरून उठवताच गुन्हा थांबला, एवढं मी त्याला सांगितलं. इसमाचं नाव तपासणी पथक जाहीर करत नसतं.