फांदी गहाण ठेवून शिकलेला खंड्या

एका जंगलात एक डोह होता. डोहावर एक फांदी वाकली होती आणि तिच्यावर खंड्यांचं एक कुटुंब बसायचं. मासा दिसला की सूर मारायचा, चोचीत धरायचा, फांदीवर आपटायचा आणि गिळायचा. एवढाच धंदा. त्या कुटुंबातला थोरला मुलगा म्हणजे मी. पिल्लांनो, गोष्टीतला मूर्ख कोण हे शेवटपर्यंत लपवायची पद्धत असते. मी आधीच सांगून टाकतो, उगाच तुमच्या जिवाला घोर नको.

लहानपणी मी हुशार होतो. शेजारची पाणकोंबडी तरी तसं म्हणायची. सूर मारायच्या आधी मी विचारायचो, "मासा पाण्यात श्वास कसा घेतो?" तेवढ्यात मासा निघून जायचा. खरं म्हणजे मी मासे पकडण्यात कच्चा होतो. पण आई म्हणाली, "हा शिकणार आहे!" आणि ठरलं.

जंगलात नवं महाविद्यालय निघालं होतं. घुबडसर प्राचार्य होते. तिथे जीवशास्त्राची पदवी मिळायची. फी फक्त नऊशे मासे.

"एवढे मासे आमच्याकडं कुठले, सर?" बाबा म्हणाले.

"फांदी गहाण ठेवा," घुबडसर म्हणाले. "मुलगा कमवायला लागला की सोडवून घ्या."

बाबांनी फांदीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सोडवशील ना रे?"

"पहिल्याच वर्षी, बाबा."

त्या दिवसापासून बाबा काठच्या दगडावर बसू लागले. दगडावरून सूर नीट लागत नाही, पोट पाण्यावर आपटतं. पण माझा डबा तीन वर्षं वेळेवर आला.

आणि मी काय करत होतो? मी जर्नल पूर्ण करत होतो. आकृती शिसपेन्सिलीनंच काढायची, नावं उजवीकडेच द्यायची, रेघा एकमेकींवर जाऊ द्यायच्या नाहीत. बेडकाची पचनसंस्था मी इतकी सुरेख काढायचो की बेडूक मुद्दाम बघायला यायचे आणि गंभीर होऊन परत जायचे. खंड्या काठाच्या मातीत बीळ करून अंडी घालतो, हे मला दुसऱ्या वर्षाला कळलं. माझा जन्म तसल्याच बिळात झाला होता, पण तेव्हा ते अभ्यासक्रमाला नव्हतं.

पहिल्या वर्गात पास होऊन मी डोहावर आलो. बाबांनी दगडावर मला जागा करून दिली. समोरून एक मासा गेला.

"मार सूर!" बाबा ओरडले.

"थांबा बाबा, खवले मोजतोय. कूळ ठरवायचंय."

मासा गेला. त्याला त्याचं कूळ माहीत असावं. पुढचा मासा बाबांनी स्वतः धरला आणि माझ्यापुढे ठेवला, ते मला जास्त लागलं.

मग नोकरी शोधायला निघालो. मगरीनं विचारलं, "अनुभव?"

"प्रात्यक्षिकांचा आहे."

"कुणाला खाल्लंयस?"

"नाही. पण आतून कोण कसं दिसतं ते सांगू शकतो."

"ते मलाही माहितेय," मगर म्हणाली.

पाणमांजराच्या मत्स्यकेंद्रात रखवालदार हवा होता, पण पदवीधर नको होता. शेवटी मी पुन्हा घुबडसरांकडे गेलो. त्यांनी मला मोठ्या मनानं तासिका तत्त्वावर घेतलं. एका तासाला एक मासा. सुट्टीत काही नाही. आजारी पडलो तरी काही नाही.

मी पिंपळाच्या पानावर गणित मांडलं. खाऊनपिऊन वर्षाला वीस मासे उरणार. नऊशे भागिले वीस म्हणजे पंचेचाळीस वर्षं. आणि खंड्या जगतो किती? फार तर सात-आठ वर्षं. ही गोष्ट आमच्या घरात फक्त मला ठाऊक होती. त्यासाठीच तर शिकलो होतो.

"फांदी कधी सुटंल?" बाबांनी विचारलं.

"लवकरच," मी म्हणालो. पान मी पंखाखाली दडवलं.

पावसाळ्याआधी प्रवेश सुरू झाले. घुबडसरांनी मला प्रवेशाच्या टेबलावर बसवलं, अर्थात फुकट. "दहा मुलं झाली तर तुकडी राहील," ते म्हणाले. "नाहीतर तुमचे तास गेले." नऊ झाली होती.

शेवटच्या दिवशी एक टिटवी आली. मागे तिची पोर.

"मास्तर, माझ्याकडं नदीकाठची वाळूची एवढीशी पट्टी हाय. अंडी तिथंच घालते. ती लिहून द्यायला आलेय. पण खरं सांगा, पोरीचं भलं हुईल का?"

पंखाखाली पान होतं. ते काढून तिच्यापुढे ठेवलं असतं तर टिटवी पट्टी घेऊन घरी गेली असती. घुबडसर ढोलीतून एक डोळा उघडून बघत होते. मी पंख अंगाशी घट्ट मिटला.

"मावशी," मी म्हणालो, "मलाच बघा ना. मी इथंच शिकलो आणि आज इथंच नोकरीला आहे."

टिटवीचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. तिनं अर्जावर पंजा उमटवला आणि पोरीला पुढे ढकललं. "पाया पड मास्तरांच्या."

पोर वाकली. मला लाज वाटली, पिल्लांनो, अगदी मनापासून वाटली. पण पाय काही मी मागे घेतला नाही.

तात्पर्य : शिक्षणाचा खर्च वसूल होतो की नाही, या चिंतेनं झुरू नये. तो वसूल होतोच. फक्त आपल्याकडून नाही, आपल्यानंतर प्रवेश घेणाऱ्याकडून.