पांढऱ्या व्हॅनची सोयरीक

"गाडीचा नंबर लिहून घ्या मायबाप," असं म्हणून कडूबानं माइकात व्हॅनचा नंबर दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचता वाचताच त्याच्या लक्षात आलं की हा नंबर आपण एकदाही वाचायला नको होता. पण चार वर्षांची जिभेची सवय. नंबर दोनदा, मालकाचं नाव एकदा, मग गाडीची गोष्ट.

कार्यक्रमाचं नाव 'गाडी आणि गोतावळा', रोज दुपारी एक ते दोन. जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानाच्या माडीवर एक खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, तेवढंच ते रेडिओ केंद्र. कडूबाचं जुन्या गाड्यांचं आवार वडीगोद्रीला हमरस्त्याच्या कडेला. एवढ्या वर्षांच्या धंद्यात त्याला एक गोष्ट कळली होती. इथलं गिऱ्हाईक इंजिनाचं नंतर विचारतं, आधी विचारतं, "होती कोणाची?" म्हणून तो रेडिओवर गाडीचं अख्खं खानदान सांगायचा. हिच्यातून कोणाची सून आली, कोणता जावई रुसून अर्ध्या वाटेत उतरला, सगळं. एक खटारा जीप तिच्यात तीन बाळंतपणं झाली एवढ्याच गोष्टीवर खपली होती. घेणाऱ्याला मूल नव्हतं.

आजची व्हॅन मात्र विकायची नव्हती. द्यायची होती.

हुंडा हा शब्द आता कोणी तोंडातून काढत नाही. लोक शिकले. वाटूरचे आदिनाथ पाटील तर बैठकीत छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "आपण त्यातले न्हाई इवाई. आपल्याला कायबी नको. फक्त पोरीला फिरायला एक चारचाकी. अन् तेवढं रेडिओवर सांगून द्या, म्हंजे चार गावात इज्जत राहती." नको म्हणायचं, घ्यायचं आणि वर डांगोरा पिटून घ्यायचं. ह्याला वाटूरमध्ये इज्जत म्हणतात. जालन्यात वेगळं काही म्हणतात अशातला भाग नाही.

इकडे कडूबाच्या पोरीनं, आकांक्षानं, बैठक उठल्या उठल्या सांगितलं होतं, "पोरगा मला पसंत हाय. पण गाडी गेली तर मी मांडवात येणार न्हाई."

म्हणजे गाडी दिली नाही तर आदिनाथ सोयरीक मोडणार आणि दिली तर पोरगी मोडणार. दोन वर्षं पायताण झिजवून जमलेली सोयरीक. कडूबानं आपल्या डोक्यानं वाट काढली. पोरीला सांगायचं की गाडी विकली. ती बापाचा कार्यक्रम कधी ऐकत नाही, तेव्हा काळजी नाही. आणि आदिनाथला द्यायची ती ही व्हॅन, जी आठ महिन्यांपासून आवारात उभी होती आणि जिच्याकडे वडीगोद्रीचं कुत्रंही फिरकत नव्हतं.

कारण ती तातेरावची व्हॅन होती. दवाखान्यात माणूस गेला की त्याला गावी न्यायला कोणी तयार होत नाही. जिवंत असेपर्यंत गाड्या रांगेनं मिळतात. मेल्यावर ड्रायव्हरचं पेट्रोल संपतं, टायर बसतो, बायको आजारी पडते. तातेराव नेत होता. गरिबाकडून पैसे घेत नव्हता. दोन वर्षांमागं साखरेच्या आजारानं तो स्वतः गेला, आणि आठ महिन्यांमागं त्याच्या बायकोनं व्हॅन कडूबाच्या गळ्यात घातली. कडूबानं मागच्या सीटा नव्या बसवल्या, पांढरा रंग मारला. काचेवरची 'शववाहिका' ही अक्षरं खरवडली, तरी उन्हात काच तिरपी दिसली की ती पुसट वाचता येत होती.

"गाडी एका देवमाणसाची," कडूबा माइकात सांगत होता. "अडल्यानडल्याला घरी सोडणारा माणूस. ह्या गाडीत बसलेल्या एकानंबी आजपोत्तर तक्रार केली न्हाई. दार आपटलं न्हाई, खिडकीतून थुंकलं न्हाई, जल्दी हाण म्हणलं न्हाई. एसी न्हाई, पण गाडी आतून गार. मे महिन्यात बसून बघा, अंगावर काटा येतो."

ह्यात एक शब्दही खोटा नव्हता, आणि ह्याच गोष्टीचा त्याला मनातून अभिमान वाटत होता.

खाली बोळात ती व्हॅन उभी होती. ताबा घ्यायला आलेले आदिनाथ पाटील पुढच्या सीटवर ऐटीत बसले होते, मागं नवरदेव ऋषी. गाडीतला रेडिओ त्यांनी मोठ्ठा लावला होता. दुपारचं ऊन, बोळात चिटपाखरू नाही, दुकानांची शटरं अर्ध्यावर. कडूबाचं प्रत्येक वाक्य खालून त्या गाडीतून परत वर येत होतं, जरा उशिरानं आणि जरा जाड होऊन. जणू खाली बसून कोणी दुसराच कडूबा ते म्हणत होता.

"कडूबाभाऊ, फोन आलाय," रेडिओ चालवणाऱ्या साधनाताई म्हणाल्या. श्रोत्यांसाठी दोन मोबाइल होते. त्यातला एक त्यांनी मशीनला जोडला.

"मी वडीगोद्रीहून कचरू बोलून राह्यलो. नंबर परत एकदा सांगता का?"

"नंबराचं काय घेऊन बसलात. बोला ना."

"न्हाई, तीच गाडी वाटती. आमचे वडील आल्ते त्या गाडीत."

"वा, वा. कुठून आल्ते?"

"दवाखान्यातून."

"बरे होऊन आल्ते म्हणा की."

"बरे झालेले लोक एसटीनं येतेत भाऊ," कचरू शांतपणे म्हणाला. "आमचे ह्या गाडीनं आले. तातेरावनं लय संभाळून आणलं. निघताना वडिलांना विचारलं, निघायचं का? अन् वाटंत वळण आलं की मागं तोंड करून सांगायचा, आबा, वळण हाय, उजवीकडं वळून राह्यलो. मी म्हणलं, त्यांना काय कळतंय? तर म्हणला, न्हाई सांगितलं तर माणूस तिथंच राहतंय वळणावर."

खालून तेच सगळं गाडीतून वर आलं. राहतंय वळणावर. कडूबानं साधनाताईंना हातानं गळा कापल्याची खूण केली. त्यांना वाटलं, गळा सुकलाय. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि दुसरा फोन जोडला.

"मी साळूबाई. माझी सासू त्याच गाडीत आल्ती. तिचा चष्मा राह्यला बघा तिथं. डाव्या काडीला दोरा बांधेल हाय. पुढच्या सीटखाली बघा बरं जरा."

"साळूबाई, गाडी धुतली, पुसली, रंग देला. चष्मा-बिष्मा काय न्हाई."

"बघा तरी. मरताना म्हणत होती, चष्मा द्या, कोण कोण आलंय ते बघू द्या."

कडूबा खिडकीपाशी गेला. खाली आदिनाथ वाकले होते. त्यांचा हात सीटखाली कोपरापर्यंत गेला, तिथं थांबला, आणि हळूहळू वर आला. बोटांत काहीतरी लोंबत होतं. त्यांनी ते टाकलं नाही, जवळ घेतलं नाही, नुसतं धरून बसले. पाटलांची मान इंच इंच मागं वळत होती आणि पूर्ण वळायला तयार नव्हती.

कडूबा धावत माइकाशी आला. "तर मंडळी, आता आपण दुसऱ्या गाडीकडं वळू," तो म्हणाला आणि 'वळू' म्हणताच त्यानं खिडकीकडं बघितलं.

तेवढ्यात कानावरच्या हेडफोनमध्ये खर्र आवाज झाला.

"निघायचं का?"

आवाज घोगरा, तंबाखूची गोळी गालात धरल्यासारखा. कडूबा हा आवाज ओळखत होता. टेबलावर दोन्ही मोबाइल पडले होते. दोन्हींचे पडदे काळे होते.

"कोण बोलून राह्यलंय?"

"पुढं बसलेल्या पाव्हण्याला सांग, सीट मागं ढकलू नको म्हणावं. माणसं आडवी हायेत. नऊ गावची हायेत. अजून उतरली न्हाईत."

"तातेराव?"

"फुकट गाडी देऊन राह्यला म्हणं. मंग बराबर हाय. हे बी सगळे फुकटच बसलेले हायेत. एकाच घरी जातेन."

खर्र, आणि पुन्हा काही नाही. कडूबानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. भिंतीवरची एक गोधडी वारा नसताना थोडीशी फुगली आणि बसली.

"अहो बोला काहीतरी," साधनाताई म्हणाल्या. "अर्धं मिनिट झालं, रेडिओ मुका चाललाय."

"मुका? तुम्हाला ऐकू न्हाई आलं?"

"काय ऐकू यायचंय? 'दुसऱ्या गाडीकडं वळू' म्हणालात आणि तेव्हापासून नुसते ओठ हलवत बसलात, आवाज नाही."

जिन्यात धडधड झाली. आदिनाथ पाटील वर आले. टोपी नाही, एका पायात चप्पल नाही, आणि तोंडाचा रंग व्हॅनच्या रंगासारखा. चष्मा अजून हातातच होता.

"मला गाडी नको," ते म्हणाले.

"पाव्हणं, माइक चालू हाय," कडूबा पुटपुटला.

"चालू हाय तर बरंच हाय. सरका." आदिनाथांनी माइक दोन्ही हातांनी धरला, बुडणारा माणूस दोर धरतो तसा. "मी वाटूरचा आदिनाथ. माझ्या पोराचं लग्न कडूबाच्या पोरीसंग ठरेल हाय. मी गाडी मागितली न्हाई. मागितली आसंल तर वापस घेतली. मला एक सुतळीचा तोडा नको. नऊच्या नऊ गावांनी ऐकून घ्या, मी काय बी फुकट घेतलेलं न्हाई. कोणी माझ्या घरी येऊ नका."

नऊ गावं कोणती, हे ऐकणाऱ्यांना कोणाला कळलं नाही. कडूबाला कळलं. म्हणजे खाली गाडीतसुद्धा ऐकू गेलं होतं.

मागून ऋषी सावकाश जिना चढून आला. त्याच्या हातात बापाची दुसरी चप्पल होती. "बाबा, ही राह्यली," तो म्हणाला. मग कडूबाकडे बघून, "मामा, तुमच्या गाडीतला रेडिओ खराब हाय का? मधीच गप झाला, अन् बाबा एकदम दार उघडून पळाले."

कडूबा त्या दिवशी व्हॅन बोळातच सोडून एसटीनं घरी आला. वाटेत जेवढी वळणं आली तेवढ्या वेळा त्यानं डोळे मिटून घेतले. पण घरात पाय ठेवेपर्यंत त्याचा व्यापारी मेंदू पुन्हा चालायला लागला होता. सोयरीक शाबूत. गाडी वाचली. आदिनाथनं गावभर कबूल केलं. ह्याहून भारी सौदा त्यानं जन्मात केला नव्हता. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो हसायलाच लागला.

"आकांक्षे, हे सगळं तुझंच काम ना?"

आकांक्षा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "मला काय माहीत न्हाई वाटलं तुम्हाला? आवारातून व्हॅन हालली तेव्हाच कळलं. कचरूदादाला अन् साळूमावशीला म्या सांगितलं, आज रेडिओ ऐका, नंबर आला की जे खरं हाय ते बोला. खोटं एक अक्षर बोलू नका म्हणलं."

"शाब्बास. अन् तो तिसरा कोणाला उभा केला? तातेरावचा आवाज हुबेहूब काढला गड्यानं. माझी तर पार हवा गुल झाली."

भाकरी तव्यावर पडली. आकांक्षा आता बापाकडे बघत होती.

"कोण तिसरा?" ती म्हणाली. "दोघंच होते."

कडूबानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो रिकामा आहे हे त्याला बऱ्याच वेळानं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटूरहून फोन आला. आदिनाथांच्या मंडळी, पुष्पाबाई. बैठकीत ही बाई चहाचे कप आणून ठेवण्यापुरती दिसली होती. तिला आवाज आहे हेही कडूबाला माहीत नव्हतं.

"इवाई, लग्न ठरलंय तसंच व्हईल," पुष्पाबाई म्हणाल्या. "पण मला ती गाडी पायजे."

कडूबानं घाम पुसला. "इहीणबाई, पाटलांनी काल रेडिओवर..."

"ते पाटलांचं झालं. मी माझ्या पैशानं घेऊन राह्यले. म्हशीच्या दुधाचे हायेत, माझ्या खात्यात हायेत. फुकटचा एक रुपाया नको. किंमत सांगा."

"किमतीचं राहू द्या. पण तुम्हाला त्या गाडीचं... म्हंजे तिच्यात काय हाय ते..."

"मला माहीत हाय. हे कालपासून मधल्या खोलीत बसून राह्यलेत. सांजच्याला मला विचारलं, जेवलीस का. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. सकाळी उठून चहा केला. साखर कुठं हाय ते माहीत न्हाई, म्हणून बिनसाखरेचा केला, पण केला. ऋषीला म्हणले, सुनेला काय बोलायचं न्हाई, आपण तिघं बी नीट राहू." पुष्पाबाई थांबल्या. पलीकडे भांडं घासल्याचा आवाज येत होता, आणि तो त्यांच्याकडून येत नव्हता. "भीती हाय तवर हे चालंल. चार दिवसांनी ओसरली की परत पहिल्यासारखं. म्हणून गाडी माझ्या दारात उभी पायजे. ओसरीतून दिसंल अशी."

आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापाशी असं गिऱ्हाईक आलं होतं जे गाडी चालते का, हेसुद्धा विचारत नव्हतं.

"बरं," कडूबा म्हणाला. "आज धुऊन-पुसून, आतून साफ करून पाठवतो."

"बिलकुल न्हाई," पुष्पाबाई म्हणाल्या. "पाण्याचा थेंब लावू नका. आतून झाडू बी मारू नका. जितके आत बसलेले हायेत, तितके सगळे आले पायजेत."