सनस्क्रीनच्या बावीस बाटल्या

डुलुथमधल्या आमच्या गॅरेजच्या दारांच्या कारखान्यात कुणालाही विचारा, औषधपाण्याच्या खात्यातला एक सेंटही कधी बुडू न देणारा माणूस कोण? लोक मुकाट माझ्याकडे बोट दाखवतील. एकोणीस वर्षं मीच त्यांना हे जेवणाच्या सुट्टीत ऐकवत आलोय, दाखवणार नाहीत तर जातील कुठे?

हे खातं म्हणजे साधा मामला आहे. वर्ष सुरू व्हायच्या आधीच ऑफिसला सांगायचं, की माझ्या पगारातले इतके डॉलर दातांचे डॉक्टर, चष्मे, औषधं यांच्यासाठी बाजूला काढा. त्यावर कर लागत नाही. मात्र एकतीस डिसेंबरपर्यंत खर्च झाले नाहीत तर ते कंपनीच्या घशात. आता पुढच्या वर्षी आपलं काय काय दुखणार हे आधीच ओळखायला माणूस ज्योतिषी हवा, आणि तो मी आहे, असं माझं मत होतं.

"गेल्या वर्षी माझे दोनशे बुडाले," आमच्या रवानगी विभागातला ड्वेन म्हणाला.

"बुडणारच. तू नियम वाचतोस कुठे?"

"तू वाचतोस?"

"मला पाठ आहेत," मी म्हणालो. सप्टेंबरात पगार विभागातल्या बेव्हने सगळ्यांच्या टेबलावर त्याच खात्याबद्दलचं एक पाकीट ठेवलं होतं. माझं मी तसंच खणात टाकलं. हेडमास्तरांना कुणी पहिलीचं पुस्तक वाचायला देतं का?

यंदाही गणित चोख होतं. माझी बायको मार्लिस हिची दाढ ऑक्टोबरात मक्याच्या लाह्या खाताना तडकली. दाढेवर टोपी बसवायची, विमा वगळून आमच्या वाट्याचा खर्च सहाशे दहा डॉलर, आणि खात्यात शिल्लक बरोबर सहाशे दहा! पण मार्लिस दातांच्या डॉक्टरला अशी घाबरते, की तिला तयार करण्यात दोन महिने गेले. शेवटी तात्पुरतं सिमेंट भरून तिने डॉक्टर पेकोलांची तीस डिसेंबरची वेळ घेतली. एक दिवस हातात राखून. मी ड्वेनला कॅलेंडरच नेऊन दाखवलं.

तीस तारखेला हिमवादळ आलं. दवाखान्यातून फोन आला, की डॉक्टरांची गाडीच सापडत नाहीये, आता सहा जानेवारीला या.

मार्लिसचा चेहरा उजळला. माझा पडला. सहा जानेवारी म्हणजे नवीन वर्ष, आणि नवीन वर्षासाठी मी खात्यात शून्य लिहून दिलं होतं, कारण माझ्या हिशोबाने आमचं काही दुखणारच नव्हतं.

"बुडू देत की," मार्लिस म्हणाली. "टोपीचे पैसे आपण खिशातून देऊ."

"सहाशे दहा डॉलर? आणि ड्वेनला काय तोंड दाखवू?"

"म्हणजे दाढ माझी आणि दुखणं ड्वेनचं," ती म्हणाली.

एकतीसच्या सकाळी मी औषधांचं दुकान गाठलं. या खात्यातून काय घेता येतं आणि काय नाही, याचं मला पहिल्यापासून मोठं कुतूहल. सनस्क्रीन चालतं, टूथपेस्ट चालत नाही. मलमपट्टी चालते, शाम्पू चालत नाही. का? हे ठरवणारा माणूस कुठे राहत असेल? त्याचे दात कसे असतील? मी असा विचार करत करत ढकलगाडी भरत गेलो. बाहेर उणे तेवीस तापमान, आणि गाडीत सनस्क्रीनच्या बावीस बाटल्या. मग मलमपट्ट्यांची चाळीस पाकिटं, चार थर्मामीटर, शेकायची विजेची गादी, गुडघ्याचा पट्टा.

रक्तदाब मोजायचं यंत्र एकच उरलं होतं आणि त्याच्यासमोर ड्वेन उभा होता. त्याच्या गाडीतही सनस्क्रीन.

"घे तू," ड्वेन म्हणाला.

"छे छे, तू आधी आलास."

"मी नुसता बघत होतो. तुलाच लागेल."

"मला कशाला? तूच घे बाबा."

आमच्याकडे शेवटची वस्तू कुणी उचलत नाही. मग ती केकची फोड असो की रक्तदाबाचं यंत्र. दहा मिनिटं आमचं हे चाललं. तेवढ्यात शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातली एक बाई आली, "एक्स्क्यूज मी" म्हणाली आणि यंत्र घेऊन गेली. मग मी त्याऐवजी आणखी दोन शेकायच्या गाद्या घेतल्या.

गल्ल्यापाशी माझ्या मागे आमची शेजारीण व्हर्ना उभी होती. चर्चमध्ये कुणाचं काय बिनसलंय हे पाद्र्यांच्या आधी व्हर्नाला कळतं. तिने माझी गाडी वरून खालपर्यंत पाहिली.

"मायलो, घरी सगळं ठीक ना?"

"ठीक म्हणजे... मार्लिसचंच जरा. काल डॉक्टरांकडे जायचं होतं, ते राहिलं."

"अरे देवा. आणि आता?"

"आता काय, सहा तारखेपर्यंत वाट बघायची. तोवर जे हातात आहे ते करायचं." मी गाडीकडे हात केला.

व्हर्नाने माझ्या दंडावर हात ठेवला. मला वाटलं, तिचेही पैसे बुडालेत.

एक जानेवारीला सकाळी नऊ वाजता पहिली हॉटडिश आली. आमच्या गावात कुणी आजारी पडलं किंवा गेलं, की शेजारपाजारचे लोक बटाटे, खिमा आणि मशरूमचं सूप एका भांड्यात घालून भट्टीत भाजतात आणि दारात आणून देतात. काय झालं हे विचारायची पद्धत नाही. दुपारपर्यंत नऊ भांडी आली, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. चौथ्या भांड्याबरोबर पाद्र्यांचाही फोन आला.

मार्लिस स्वयंपाकघरात नऊ भांड्यांसमोर उभी होती. "मायलो, मला नेमकं काय झालंय, ते निदान मला तरी सांग."

"दाढ दुखतेय."

"दाढेसाठी पाद्री फोन करत नाहीत."

सांगून टाकावं असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. पण बायकांनी सणाच्या दिवशी भट्ट्या पेटवल्या होत्या. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, की मी फक्त कर वाचवत होतो? तेवढ्यात व्हर्ना डोकावली, तशी मार्लिस पटकन सोफ्यावर आडवी झाली आणि मी तिच्यावर तिन्ही गाद्या घातल्या. "किती धीराची आहे," व्हर्ना पुटपुटली.

संध्याकाळी आम्ही सहावी हॉटडिश उघडली. वर तळलेल्या कांद्याचा कुरकुरीत थर होता. मार्लिसने पहिला घास घेतला, थांबली आणि तात्पुरतं सिमेंट तळहातावर काढून ठेवलं. मग गाल धरून बसली. मला फार वाईट वाटलं. 

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून मी कामाला लागलो. अन्न आईस्क्रीमच्या रिकाम्या बादल्यांत काढलं, भांडी घासली. आता भांडं परत करायचं तर रिकामं करून चालत नाही, आत काहीतरी घालावं लागतं. आणि घालायला माझ्याकडे काय नव्हतं? मी प्रत्येकीला सनस्क्रीन, मलमपट्ट्या दिल्या, चौघींना वर थर्मामीटर. लांबच्या तिघींना शेकायच्या गाद्याही दिल्या. सगळ्या गहिवरल्या. व्हर्नाच्या वाट्याला बाटल्या जरा जास्त गेल्या, पहिलं भांडं तिचं होतं म्हणून.

तीन तारखेला बेव्ह माझ्या टेबलापाशी आली. "मायलो, तुझ्या खात्यातून शेवटच्या दिवशी सहाशे दहा गेले. मार्लिस बरी आहे ना?"

"दाढ आहे गं तिची. आणि खर्च केले नसते तर बुडाले असते."

"बुडाले कसे असते? यंदापासून सहाशे चाळीसपर्यंतची शिल्लक पुढच्या वर्षात जाते. सप्टेंबरात पाकीट दिलं होतं मी. फिकट हिरवं."

मी खण उघडला. पाकीट फिकट हिरवंच होतं.

"काळजी करू नकोस," बेव्ह म्हणाली. "सामान न उघडता दुकानात परत केलंस, तर पैसे खात्यात येतील. सील तोडलं नाहीस ना?"

"मी नाही तोडलं," मी म्हणालो, आणि गाद्या सोडल्या तर ते खरंच होतं.

शेजारच्या टेबलावरून ड्वेन म्हणाला, "मी वाचलं होतं ते पाकीट."

"मग तू दुकानात काय करत होतास?"

"आम्ही फ्लोरिडाला चाललोय."

संध्याकाळी मी व्हर्नाच्या दारात उभा राहिलो. वाटेत वाक्य पाठ करत आलो होतो. दिलेली वस्तू परत मागायची वेळ आमच्या सात पिढ्यांत कुणावर आली नसेल.

"व्हर्ना, ते सनस्क्रीन..."

"अरे, किती सुंदर! पाचही बाटल्या ऍरिझोनाला बहिणीकडे पाठवल्यासुद्धा. स्वतःच्या घरात एवढं दुःख आणि तुम्हाला दुसऱ्यांच्या कातडीची काळजी." तिने डोळे पुसले. "थांब, तू उपाशी दिसतोस."

मी थांबलो. मला नाही म्हणता येत नाही, तेवढ्या एका बाबतीत मी पक्का इथला आहे. बाकीच्या आठ घरांकडे माझे पाय वळलेच नाहीत.

घरी मार्लिस गाल धरून बसली होती. "मिळालं का?"

मी गरम भांडं टेबलावर ठेवलं. तिने वरचा कागद उचलून आत पाहिलं आणि परत झाकला.

"सहा तारखेला टोपी बसवायची," ती म्हणाली. "तुझ्या बर्फावरच्या मासेमारीच्या खोपटात हीटर घ्यायचा होता ना, त्या पैशांतून."

"बरं."

"आणि हे भांडं परत करताना यात काय घालणार आहेस?"

मी कपाट उघडलं. गुडघ्याचा पट्टा तेवढा उरला होता. दुकानात परत केला तर अठरा डॉलर सुटले असते. पण व्हर्नाचे गुडघे थंडीत दुखतात, आणि भांडं रिकामं कसं पाठवायचं?