अनोळखी माणसांचा तुटवडा

अनोळखी माणसाशी चांगलं वागावं, हे सर्व धर्मांना मान्य आहे. मात्र त्यासाठी आधी अनोळखी माणूस लागतो, याकडे एकाही धर्मानं पुरेसं लक्ष दिलेलं नाही.

ही उणीव कोळवण खोऱ्यातल्या एका वाडीला गेल्या उन्हाळ्यात जाणवली. शहरातल्या एका संस्थेनं (तिचं नाव एवढं लांब, की फलकावर शेवटचे दोन शब्द मागच्या बाजूला घ्यावे लागले) परक्यांवर केलेल्या छोट्या उपकारांची स्पर्धा जाहीर केली. पाणी पाजणं, वाट दाखवणं, ओझ्याला हात लावणं वगैरे. जिंकणाऱ्या वस्तीला बसथांब्यावर पत्र्याची शेड. अट एकच: ज्याच्यावर उपकार होईल तो पूर्णपणे अनोळखी असावा. ओळखीच्यावर केलेला उपकार हा घरगुती व्यवहार समजण्यात येईल.

शेडची गरज सगळ्यांत जास्त रंभाबाईंना होती. मेथी-कोथिंबिरीचं बोचकं घेऊन त्या रोज पौडला जायच्या. एसटी आपल्या सवडीनं यायची, आणि तोवर उन्हात उभं राहून भाजी आणि बाई दोघी सारख्याच सुकायच्या. भाजीवर निदान पाणी तरी मारता यायचं.

आणि स्पर्धेतली मुख्य अडचणही रंभाबाईच होत्या.

थांब्यासमोर त्यांचंच घर. तहानलेला माणूस पहिल्यांदा तिथंच टेकणार. रंभाबाई तांब्या द्यायच्या आणि विचारायच्या, गाव कुठलं, कुणाच्यातला, आई कुठली. विचारायची पद्धत फौजदाराची, हेतू सोयरिकीचा. तिसऱ्या प्रश्नाला माणूस नात्यात निघालाच पाहिजे. विम्याचा एजंट नणंदेच्या जावेचा भाचा निघाला. बाद. मीटर बघायला आलेला वायरमन माहेरच्या शेजारणीचा जावई. बाद. फार्महाऊसच्या बांधकामावरचा बिहारी गवंडी आला तेव्हा वाडीला हायसं वाटलं. वाडीतल्या कैलासनं पुराव्यासाठी घाईघाईनं फोटोही काढला. पण संध्याकाळपर्यंत रंभाबाईंना त्याच्या आईची गुडघेदुखी पाठ झाली होती (दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण गुडघ्याला भाषा लागत नाही), आणि दुसऱ्या दिवशी त्या "आपला गवंडी" म्हणू लागल्या. तोही बाद.

अखेर कैलासचे वडील हैबतराव यांनी बैठक बोलावली. हैबतराव माजी सरपंच, आणि माजी हे पद ते गेली वीस वर्षं निष्ठेनं सांभाळून आहेत. ठराव झाला की, परीक्षक येईल त्या दिवशी कुणी कुणाला काहीही विचारायचं नाही.

"वैनी, एक दिस तोंडाला कुलूप घाला," ते म्हणाले. "शेड तुमच्यासाठीच हाय."

"पानी द्यायचं आन इचारायचं न्हाई? गुराला पाजत्यात तसं?"

"व्हय. तसंच."

रंभाबाईंनी उन्हातल्या थांब्याकडे पाहिलं आणि कबूल झाल्या.

परीक्षक गुप्तपणे येणार होता. अनिमेष त्याचं नाव. पांढरे बूट घालून शेताच्या बांधावरून चालणारा माणूस वाडीनं लांबूनच ओळखला. मग उपकारांना तोंड फुटलं, फक्त माणसांचं मिटलेलं होतं. त्याला चौघांनी मुकाट्यानं पाणी पाजलं. एकानं त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. दोघांनी बोट दाखवून त्याला जायचं नव्हतं तिकडे पोचवलं. कैलास फोटो काढत होता. काम चोख चाललं होतं.

शेवटी तो रंभाबाईंच्या ओट्यावर टेकला. त्यांनी तांब्या दिला आणि पदराचं टोक दातांत धरलं. समोर हैबतराव उभेच होते. पोरगा पाणी प्यायला. आता उठून गेला की शेड पक्की.

तो उठेना. रिकामा तांब्या हातात फिरवत बसला.

"मावशी," तो म्हणाला, "सकाळपासून सहा गावं झाली. सगळ्यांनी पाणी दिलं. पण तू कोण, कुठला, असं एकानंही विचारलं नाही हो."

रंभाबाईंनी एकदा थांब्याकडे पाहिलं, एकदा हैबतरावांकडे. हैबतराव मान हलवून नको-नको करत होते. बाईंनी पदर दातांतून सोडला.

"कुटलं रं गाव तुजं?"

"पुणे."

"पुन्यात काय मानूस उगवतंय व्हय? मूळचं सांग."

मूळचं कासार आंबोली निघालं. मग आजीचं माहेर निघालं. मग आजी रंभाबाईंच्या थोरल्या चुलत जावेची सख्खी आत्या निघाली. हैबतराव तिथंच खाली बसले. पोरगा आमटीभात जेवून गेला, जाताना पायाही पडला, आणि प्रामाणिक असल्यामुळे त्यानं निष्कर्ष कळवला: सदर वस्तीत अनोळखी माणूस आढळून आला नाही. गुण शून्य.

पहिलं बक्षीस महाळुंग्याच्या एका गृहसंकुलाला मिळालं, तेही बिनविरोध. तिथं अनोळखी माणसांचा पुरवठा बारमाही असून त्यासाठी घराबाहेरही पडावं लागत नाही. एका बाईंनी समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांसाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं. दोघं सहा वर्षांचे शेजारी, आणि नाव एकालाही दुसऱ्याचं ठाऊक नाही. परीक्षकांच्या मते एवढा निर्भेळ उपकार त्यांनी आजवर पाहिला नव्हता. शेड आता संकुलाच्या फाटकाशी उभी आहे. एसटी त्या रस्त्यानं जात नाही. डिलिव्हरीवाल्यांना तिथं थांबायला मनाई आहे.

रंभाबाई अजून थांब्यावर उभ्याच असतात. फक्त डोक्यावर एक मोठी छत्री असते. ती अनिमेषनं आणून दिली (नात्यातल्यानं दिल्यामुळे हा उपकार धरलेला नाही). हैबतराव कुरकुर करतात आणि एसटी येईपर्यंत त्याच छत्रीत उभे राहतात.

पुढल्या स्पर्धेचे प्रवेश सुरू आहेत. आपल्यालाही भाग घेता येईल. समोरच्या दारातल्या माणसाचं नाव आठवून पाहा. आठवत नसेल, तर अभिनंदन, आपण थेट अंतिम फेरीत आहात. फक्त आता पाटी वाचायला उठू नका. बाद व्हाल.